वस्तीचा आकडा पालिकेच्या वहीत कसा पोहोचवायचा

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली. सभासदांत बहुसंख्य बायका होत्या आणि त्याही दलित समाजातल्या. शहर त्यांना ओळखत होतं ते फक्त पोतं घेऊन फिरणाऱ्या म्हणून, आणि चोरीचा संशय घ्यायला. २००१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या एका अभ्यासात या कामाचा वेगळा हिशेब मांडला गेला. या बायका जो माल उचलतात तो कचऱ्यातच राहिला असता, तर गोळा करून वाहून न्यायला पालिकेला किती खर्च आला असता? उत्तर निघालं की एकेक कचरावेचक दर महिन्याला सुमारे २४६ रुपयांचे श्रम शहराला फुकट देते आहे. २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा भार उचलला. २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेशी घरोघर कचरा गोळा करण्याचा करार झाला.

यामागे संघटनेची अनेक वर्षांची लढाई होती. एका आकड्याने हे घडलं असं कोणी समजू नये. पण हा आकडा पालिकेच्या स्वतःच्या जमाखर्चात बसणारा होता, म्हणून तो बाजूला सारता आला नाही. शहरातल्या विषमतेबद्दल आपण तळमळीने बोलतो, निवेदनं देतो, आणि ती फायलीत जातात. त्यांच्यासोबत असा आकडा फार क्वचित असतो. तो तुमच्या प्रभागात, तुमच्याच माणसांकडून कसा तयार करायचा, हे इथे लिहिते आहे. बचत गट, तरुण मंडळ, महाविद्यालयाचा एखादा वर्ग, सोसायटीतले चार जण, कोणीही हे करू शकतं. उदाहरण एकच घेते, वस्तीतलं सार्वजनिक शौचालय. नळ, अंगणवाडी, रस्त्यावरचे दिवे, बसथांबा यांनाही हीच वाट लागू पडते.

प्रश्न लहान करा

'आमच्या वस्तीत सोयी नाहीत' या वाक्यावर कोणीच सही करून पैसे मंजूर करत नाही. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर आकड्यात येईल आणि ते उत्तर वाचून एका ठराविक अधिकाऱ्याला ठराविक निर्णय घेता येईल. उदाहरणार्थ: 'या वस्तीत सकाळी सहा वाजता स्त्रियांना वापरता येतील अशा सीट किती, आणि त्या किती जणींसाठी आहेत?' या प्रश्नात वेळ आहे, जागा आहे, कोणासाठी ते आहे.

प्रश्न ठरला की त्याच कागदावर तीन गोष्टी लिहा. हा निर्णय कोण घेतं: क्षेत्रीय कार्यालयाचा महापालिका सहायक आयुक्त, कनिष्ठ अभियंता, की मुख्य खातं? पैसे कोणत्या तरतुदीतून येतात? आणि पुढचं अंदाजपत्रक ठरण्याआधी किती महिने आहेत? यांची उत्तरं मिळाली नाहीत तर मोजणी सुरू करू नका. आधी कार्यालयात जाऊन विचारा. मोजणी झाल्यावर 'हा विषय आमच्याकडे येत नाही' हे ऐकावं लागलं, की पोरांचा सगळा उत्साह मावळतो.

आधी कागद शोधा

पालिकेला जे आधीच माहीत आहे ते पुन्हा मोजण्यात सुट्ट्या घालवू नका. महापालिकेचं अंदाजपत्रक, दरवर्षी निघणारा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल, जनगणनेचे प्रभागनिहाय तक्ते यांपासून सुरुवात करा. जनगणनेचे तक्ते मात्र जपून वापरा. २०२१ ची जनगणना वेळेत झाली नाही, त्यामुळे अजून बहुतेक सरकारी हिशेब २०११ च्या लोकसंख्येवर चालतात. दरम्यान तुमच्या वस्तीत दोन मजले चढले असतील, किंवा अर्धी वस्ती हलवली गेली असेल.

बाकीचं माहितीच्या अधिकारातून मिळतं. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ. अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा, उत्तराची मुदत ३० दिवस. 'का केलं नाही' असं विचारू नका. कायदा अस्तित्वात असलेली नोंद देतो, कारणमीमांसा नाही. अर्जातला मजकूर असा ठेवा:

'अमुक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतील सार्वजनिक व सामुदायिक शौचालयांची यादी (ठिकाण, स्त्री व पुरुष सीटची संख्या, बांधकामाचे वर्ष) द्यावी. गेल्या तीन आर्थिक वर्षांत त्यांच्या दुरुस्ती व स्वच्छतेवर झालेला खर्च शौचालयनिहाय द्यावा. सध्याच्या स्वच्छता कंत्राटाच्या अटी व शर्तींची प्रत द्यावी.'

कंत्राटाची प्रत मागायला विसरू नका. दिवसातून किती वेळा सफाई व्हायला हवी, दिवा आणि कडी दुरुस्त करायची जबाबदारी कोणाची, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. मग तुमची मोजणी 'आमची मागणी काय' यावरून 'तुम्हीच लिहून दिलेलं पाळलं जातं का' यावर येते.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. शिवाय राज्य सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये आणि जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातल्या नोंदी आणि फायली, पाहू द्यायच्या आहेत; तुमच्या कार्यालयात ही सोय चालू आहे का ते आधी विचारून घ्या. माझ्या मते ही वाट अर्जापेक्षा चांगली. समोर फाईल उघडी असली की काय मागायचं ते नेमकं कळतं, आणि कारकुनाशी ओळख होते ती पुढे दहा वेळा उपयोगी पडते.

मोजणार कोण

वस्तीतलेच लोक. बाहेरचे विद्यार्थी मदतीला असावेत, पण प्रश्न ठरवताना आणि दार वाजवताना वस्तीतली बाई पुढे हवी. मुंबईत हे फार आधी घडलं आहे. पदपथावरच्या झोपड्या हटवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जुलै १९८५ मध्ये आला. त्या काळात भायखळ्याच्या परिसरात पदपथावर राहणाऱ्या बायकांनी 'स्पार्क' या संस्थेसोबत आपल्याच लोकांची गणती केली, जवळजवळ सहा हजार कुटुंबांची. सरकारी यादीत ही माणसं झोपडपट्टीवासी म्हणूनसुद्धा धरली जात नव्हती. पुढे १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पदपथवासीयांचा समावेश झाला. मधली दहा वर्षं त्या बायका बचत करत, नकाशे काढत, अधिकाऱ्यांसमोर आपलेच आकडे वाचून दाखवत राहिल्या. त्यांच्याच घरांची मोजणी असल्यामुळे कोणताही उलटप्रश्न आला तरी उत्तर तयार असायचं.

मोजणाऱ्यांना मानधन द्या. दोन रविवार धुणीभांडी सोडून आलेल्या बाईला 'समाजकार्य' म्हणून राबवून घेणं हा अन्याय आहे, आणि तोही समतेच्या नावाखाली. पैसे कमी असतील तर घरं कमी मोजा.

नकाशा हाताने काढा

मोबाईलवरचा उपग्रह नकाशा वस्तीत फारसा कामाला येत नाही. पत्र्याखालच्या गल्ल्या दिसत नाहीत. मोठ्या कार्डशीटवर वस्तीतल्या तीन-चार वेगवेगळ्या वयाच्या लोकांकडून नकाशा काढून घ्या. देऊळ, किराणा दुकान, नाला, शौचालय, नळकोंडाळं, दिव्याचे खांब. मग तो हातात घेऊन चालत जा. म्हाताऱ्या बाईला शौचालयापर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागतात, वाटेतला कोणता दिवा बंद आहे, दारूचा अड्डा कुठे आहे ज्यामुळे मुली संध्याकाळी तिकडून जात नाहीत, हे चालतानाच कळतं. चालून आल्यावर हवं तर तो नकाशा संगणकावर चढवा. पुण्यातल्या 'शेल्टर असोसिएट्स' या संस्थेने पुणे आणि सांगली-मिरज भागांतल्या वस्त्यांचे असे घरनिहाय नकाशे वर्षानुवर्षं केले आहेत. कोणत्या घरात शौचालय नाही आणि मलवाहिनी कुठवर आली आहे हे एकाच नकाशावर दिसू लागलं, की घरोघरी शौचालय कुठे लगेच शक्य आहे ते सांगता येतं. सार्वजनिक शौचालयाची मागणी करायला निघालेल्या गटाला या टप्प्यावर आपला प्रश्नच बदलावासा वाटू शकतो. वाटला तर बदला.

मोजणी

दोन प्रकारची मोजणी लागते, आणि त्या एकमेकींत मिसळू नका.

पहिली वस्तूंची. इथे नमुना घ्यायचा नाही, प्रत्येक सीट बघायची. सकाळी साडेपाच ते आठ, तीन दिवस, त्यात एक रविवार. प्रत्येक सीटसमोर फक्त हो किंवा नाही: दार आहे का, आतून कडी लागते का, दिवा लागतो का, पाणी आहे का, तुंबलेली आहे का, पॅड टाकायला डबा आहे का. कडी नसलेली सीट बायकांच्या हिशेबात बंदच धरायची, कारण कोणी बाहेर उभं राहिल्याशिवाय ती वापरता येत नाही. अशा व्याख्या मोजणीआधी लिहून ठेवा. 'चालू सीट' म्हणजे काय यावर कार्यालयात हमखास वाद होतो, आणि तेव्हा आधी लिहिलेली व्याख्याच वाचवते.

दुसरी मोजणी घरांची. घर म्हणजे एक चूल. एका दारामागे तीन चुली असू शकतात, वरच्या माळ्यावर भाडेकरू असतो, त्याला वगळलं तर सगळ्यात गरीब माणूसच हिशेबातून गेला. ३०० चुलींच्या वस्तीत दर तिसरी चूल घेतली की १०० होतात. सुरुवात एक, दोन की तीन हे चिठ्ठी टाकून ठरवा. दार बंद असेल तर शेजारच्या घरात शिरू नका, त्याच घरी पुन्हा जा, निदान दोनदा. दिवसा घरी नसणारी बाई म्हणजे बहुधा कामावर गेलेली बाई, आणि पहाटेची रांग तिलाच सगळ्यात जास्त भोवते. संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी ती भेटते.

शंभर घरांच्या अशा नमुन्यात चूक बहुधा वर किंवा खाली दहा टक्क्यांपर्यंतच राहते. म्हणजे शंभरातल्या साठ जणींनी हो म्हटलं, तर पूर्ण वस्तीत हे प्रमाण पन्नास ते सत्तरच्या दरम्यान असेल असं सांगता येतं. वस्तीच्या कामाला एवढी अचूकता पुरते. अहवालात ती प्रामाणिकपणे लिहा, लपवू नका.

प्रश्नावली एका पानात बसवा. माझी पहिली प्रश्नावली बेचाळीस प्रश्नांची होती. विसाव्या प्रश्नाला समोरच्या मावशी चुलीकडे बघायला लागल्या, आणि त्यानंतरची सगळी उत्तरं 'हो, हो' अशी आली. ती वापरण्यासारखी नव्हती, मी ती फेकून दिली. आता दहाच्या वर जात नाही. 'तुम्हाला त्रास होतो का' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'गेल्या सात दिवसांत रांगेमुळे कामावर किंवा शाळेत उशीर झाला का, किती दिवस' असं विचारा. सात दिवसांपलीकडचं कोणाला नीट आठवत नाही.

कोबो टूलबॉक्ससारखं मोफत साधन मोबाईलवर मराठीत फॉर्म देतं आणि नेट नसतानाही चालतं. पण कागदावर काम करणारा गट असेल तर कागदच वापरा.

काय लिहायचं नाही

यावर दोन बैठका खर्च झाल्या तरी चालतील. वस्तीची माहिती वस्तीवरच उलटू शकते. अनधिकृत नळजोड कोणत्या घरात आहे, पोटमाळा कोणी चढवला, कोण भाड्याने राहतं आणि मालक कुठे असतो, हे तुमच्या फॉर्मवर आलं, की तो फॉर्म उद्या कारवाईच्या यादीचा आधार होऊ शकतो. म्हणून नाव नाही, आधार क्रमांक नाही, घराचा नेमका उपग्रह-बिंदू (जीपीएस) नाही. घरांना तुमचे स्वतःचे क्रमांक द्या आणि क्रमांकाचा घराशी मेळ सांगणारी वही एकीकडेच, वस्तीतल्या विश्वासू बाईकडे ठेवा. शेवटचा अहवाल लिहून झाला की ती वही नष्ट करा.

दार वाजवताना पहिलं वाक्य पाठ असू द्या: 'मावशी, आम्ही याच वस्तीतले. संडासाच्या दुरुस्तीसाठी पालिकेत कागद द्यायचाय, त्यासाठी दहा प्रश्न विचारतोय. नाव लिहीत नाही. उत्तर नाही दिलं तरी चालेल, आणि यातून घर किंवा पैसे मिळणार असं काही नाही.' शेवटचं अर्धं वाक्य आवर्जून बोला. सर्वेक्षण म्हटलं की लोकांना पुनर्वसन आठवतं, आणि त्या आशेवर मिळालेली उत्तरं वेगळीच असतात.

हिशेब मांडताना

समजण्यासाठी एक कल्पित वस्ती घेऊ: ३०० चुली, १,२०० माणसं, त्यांतल्या ६०० स्त्रिया आणि मुली. कागदावर स्त्रियांच्या १२ सीट. तुमच्या पहाटेच्या मोजणीत वापरता येण्यासारख्या ७. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सामुदायिक शौचालयात २५ स्त्रियांमागे एक सीट हवी, पुरुषांसाठी ३५ जणांमागे एक. म्हणजे हव्यात २४, आहेत ७. एका सीटमागे ८६ जणी. सकाळच्या दोन तासांत सगळ्यांना जायचं असेल तर एकीच्या वाट्याला दीड मिनिटसुद्धा येत नाही. हे शेवटचं वाक्य अधिकाऱ्याच्या लक्षात राहतं. ते अहवालाच्या वरच्या भागात टाका.

प्रभागाची सरासरी कधीच एकटी वापरू नका. बंगले आणि वस्ती एकाच प्रभागात असतात, आणि सरासरी काढली की वस्ती दिसेनाशी होते. तुमचे आकडे स्त्री-पुरुष, वृद्ध, अपंग, शाळेत जाणाऱ्या मुली असे फोडून द्या. महापालिकांना महिला व बालकल्याणासाठी आणि अपंगांसाठी प्रत्येकी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो. फोडून दिलेल्या आकड्यांमुळे त्या तरतुदींकडेही बोट दाखवता येतं.

आधी वस्तीत वाचून दाखवा

कार्यालयात जाण्याआधी देवळाच्या ओट्यावर किंवा समाजमंदिरात सभा घ्या आणि सगळे आकडे मोठ्याने वाचा. बायकांची सभा वेगळी घ्या. पुरुषांसमोर मासिक पाळीबद्दल आणि रात्रीच्या भीतीबद्दल कोणी बोलत नाही. 'हा आकडा चुकीचा आहे' असं कोणी म्हटलं तर वाद घालू नका, परत जाऊन मोजा. 'सात सीट चालू म्हणता, पण त्यातली एक तर दुपारीच उघडतात' अशी दुरुस्ती इथेच मिळते. मागण्यांचा क्रम कोणता, हेही सभेतच ठरू द्या. बाहेरून आलेला गट बहुधा नवीन इमारत मागतो, बायका बऱ्याचदा आधी दिवा आणि कडी मागतात.

पालिकेत

एक पान पुरे. वर प्रश्न आणि उत्तर, मग निकष आणि तफावत, मग मागणी, मग त्या मागणीला लागू पडणारी तरतूद. मोजणीची पद्धत आणि तक्ते मागे जोडा.

मागणीचे दोन भाग करा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक चालतं. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयं अर्ज मागवतात आणि एका कामाची मर्यादा ५ लाख रुपयांची राहिली आहे. दारं, कड्या, दिवे, पाण्याची टाकी, वृद्धांसाठी रेलिंग हे या मर्यादेत बसतं. नव्या सीटची इमारत बसत नाही. तिच्यासाठी मुख्य अंदाजपत्रकात तरतूद लागते, आणि आयुक्त ते जानेवारीच्या सुमारास स्थायी समितीपुढे मांडतात. तोवर तुमचा कागद खात्यात पोहोचलेला हवा. म्हणजे मोजणी पावसाळ्याच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये संपली पाहिजे.

नागरिकांच्या सहभागाच्या या योजनेबद्दल माझं एक गाऱ्हाणं आहे. अर्ज वेळेत भरतात ते वर्तमानपत्र वाचणारे आणि कार्यालयाची भीती नसणारे, त्यामुळे आधीच बऱ्या असलेल्या पदपथांना पुन्हा फरशा मिळतात. म्हणून वस्तीच्या सभेतच अर्ज भरून घ्या, पन्नास-साठ घरांचे वेगवेगळे, आणि प्रत्येकाला तेच एक पान जोडा. तुमच्या शहरात ही योजना नसेल तर प्रभाग समिती, नगरसेवकाचा निधी आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन या जागा आहेत.

प्रत्येक कागदावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. भेटीला जाताना ज्यांनी मोजणी केली त्याच बायका पुढे बसू द्यात. अभियंत्याने 'हे कोणी मोजलं?' असं विचारलं, की एकीने 'मी, साहेब, सोमवारी साडेपाचला' म्हणावं.

'वस्ती अघोषित आहे (म्हणजे सरकारने झोपडपट्टी म्हणून जाहीर केलेली नाही), काही करता येत नाही' हे उत्तर येईल, विशेषतः पाण्याच्या बाबतीत. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा पाणी हक्क समितीच्या याचिकेवरचा निकाल सोबत ठेवा. घर बेकायदा आहे एवढ्यावरून माणसाला पाणी नाकारता येत नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आहे.

मंजुरीनंतर

तरतूद झाली म्हणजे काम झालं असं नाही. वर्षाच्या मध्यात पैशांचं वर्गीकरण होतं, म्हणजे तुमच्या कामाची रक्कम दुसऱ्या कामाकडे वळते. ऑक्टोबर आणि जानेवारीत एकदा जाऊन निविदा निघाली का, कार्यादेश झाला का ते विचारा. काम पूर्ण झाल्यावर मोजमाप पुस्तकाची, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदलेल्या वहीची, प्रत माहिती अधिकारात मागा आणि त्यात लिहिलेल्या कड्या आणि दिवे जाग्यावर मोजा.

मग काम संपल्याच्या महिन्यातच नव्हे, तर सहा महिन्यांनी पुन्हा तीन दिवस पहाटे जा. तोच फॉर्म, त्याच व्याख्या, शक्यतो त्याच बायका. दोन्ही वेळचे आकडे शौचालयाच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहा: स्त्रियांच्या सीट किती, चालू किती, मोजल्याची तारीख, आणि बंद पडली तर कोणत्या कार्यालयात सांगायचं. तारखेसाठी जागा थोडी मोठी सोडा, ती दरवेळी पुसून नवी लिहायची आहे.